सकाळ अधिक संध्याकाळ: ॲरेत ॲरे असताना

पीएचपी या भाषेत दोन ॲरे एकत्र करायच्या निदान पाच तयार वाटा आहेत, आणि त्या नेहमी एकाच उत्तराला जाऊन पोचत नाहीत. ॲरे सपाट असेल, एकामागून एक मूल्यं एवढंच त्यात असेल, तर हा फरक पटकन लक्षात येतो आणि सुधारताही येतो. पण ॲरेच्या आत ॲरे, त्याच्या आत आणखी एक ॲरे अशी रचना असली की चूक दोन-तीन पायऱ्या खाली जाऊन बसते. कोड चालतो, पान उघडतं, आकडे दिसतात, आणि ते चुकीचे आहेत हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

याचं मूळ भाषेच्या घडणीत आहे. ग्रीनलँडमध्ये जन्मलेल्या रासमुस लेर्डॉर्फ यांनी ८ जून १९९५ रोजी आपली काही छोटी साधनं सर्वांसाठी खुली केली. वैयक्तिक वेबपानं सांभाळायला केलेली ती साधनं होती. त्यातून पुढे पीएचपी उभी राहिली. आज वर्डप्रेस तिच्यावर चालतं आणि विकिपीडियामागचं मीडियाविकीही. पायथनमध्ये क्रमवार यादीला लिस्ट आणि नावानिशी नोंदींना डिक्शनरी असे दोन वेगळे प्रकार आहेत, जावास्क्रिप्टमध्ये ॲरे आणि ऑब्जेक्ट आहेत. पीएचपीने या दोन्ही कामांना एकच ॲरे दिला. आतून तो क्रम लक्षात ठेवणारा हॅश टेबल आहे. प्रत्येक मूल्याला एक किल्ली, आणि ती किल्ली एक तर पूर्णांक असते किंवा स्ट्रिंग. (बोलताना सगळे तिला ‘की’ म्हणतात. इथे वाक्यात घोळ होऊ नये म्हणून किल्ली म्हणू.) ही सोय फार मोठी आहे, आणि पीएचपी शिकायला सोपी वाटते त्यात तिचा मोठा वाटा आहे. पण समोरचा ॲरे ही नुसती यादी आहे की नावानिशी नोंदवही, हे भाषेला कळायला मार्ग राहिला नाही. एखादा ॲरे साधी यादी आहे का, हे विचारणारं ‘ॲरे_इज_लिस्ट’ हे फंक्शन २०२१ मध्ये, ८.१ या आवृत्तीत आलं.

आता एक उदाहरण घेऊ आणि प्रकरणभर तेच वापरू. समजा, एका गावातल्या दूध संकलन केंद्राचा हिशोब पीएचपीत ठेवला आहे. सकाळचं संकलन एका ॲरेत, संध्याकाळचं दुसऱ्यात. प्रत्येक उत्पादकाला एक कोड नंबर आहे आणि त्या नंबरापुढे त्याने घातलेलं दूध लिटरमध्ये.

$सकाळ = [
    'म्हैस' => [
        'लिटर' => 12,
        'फॅट' => 7.0,
        'उत्पादक' => [12 => 7, 27 => 5],
    ],
    'गाय' => [
        'लिटर' => 30,
        'फॅट' => 4.0,
        'उत्पादक' => [12 => 12, 31 => 18],
    ],
];

$संध्याकाळ = [
    'म्हैस' => [
        'लिटर' => 8,
        'फॅट' => 6.5,
        'उत्पादक' => [27 => 3, 40 => 5],
    ],
];

हा कोड जसाच्या तसा चालतो. पीएचपी चलांच्या नावात देवनागरी अक्षरं चालवून घेते, ही तिची मराठी वाचकांनी आवर्जून माहीत करून घ्यावी अशी गोष्ट. आकडे मात्र मुद्दाम इंग्रजी ठेवले आहेत. देवनागरी आकडा हा आकडा आहे हे तिला ओळखता येत नाही.

दिवसाचा हिशोब काय यायला हवा, ते आधी हातानेच मांडू. म्हशीचं दूध २० लिटर. १२ नंबरचं ७, २७ नंबरचं ५ आणि ३ मिळून ८, ४० नंबरचं ५. फॅट मात्र ७ आणि ६.५ ची बेरीजही नाही आणि नुसती सरासरीही नाही. बारा लिटर ७ ने आणि आठ लिटर ६.५ ने, म्हणजे ८४ आणि ५२ मिळून १३६, भागिले २०, म्हणजे ६.८. गाईचं दूध संध्याकाळी आलंच नाही, तेव्हा सकाळचे आकडे तसेच राहायला हवेत.

पहिली वाट अधिकच्या चिन्हाची. $सकाळ + $संध्याकाळ असं लिहिलं की डावीकडचा ॲरे घेतला जातो आणि त्यात नसलेल्या किल्ल्या तेवढ्या उजवीकडून येतात. ‘म्हैस’ ही किल्ली डावीकडे आहेच, म्हणून संध्याकाळची म्हैस पूर्ण बाहेर. आठ लिटर दूध गेलं. आतल्या ॲरेत काय आहे, ते हे चिन्ह बघतही नाही.

दुसरी वाट ‘ॲरे_मर्ज’ची. इथे स्ट्रिंग किल्ली जुळली तर उजवीकडचं मूल्य जिंकतं. म्हणजे आता सकाळचं बारा लिटर गेलं आणि संध्याकाळचं राहिलं. गाय वाचली, ती संध्याकाळी नव्हती म्हणून. ‘ॲरे_रिप्लेस’ हेही इथे तेच करतं. तीन टिंबांचं चिन्ह देऊन एका ॲरेत दुसरा पसरण्याची सोय ७.४ पासून आली आणि स्ट्रिंग किल्ल्यांसाठी ८.१ पासून. तिचा निकाल ‘ॲरे_मर्ज’सारखाच असतो. हे सगळे वरच्या पायरीवरच थांबतात.

आत उतरायचं तर नावापुढे ‘रिकर्सिव्ह’ लागलेली दोन फंक्शनं आहेत. खरी गंमत आणि खरा धोका तिथेच आहे.

‘ॲरे_मर्ज_रिकर्सिव्ह’ला हे दोन ॲरे दिले तर म्हशीची नोंद अशी येते:

'म्हैस' => [
    'लिटर' => [12, 8],
    'फॅट' => [7.0, 6.5],
    'उत्पादक' => [12 => 7, 27 => 5, 28 => 3, 29 => 5],
],

‘लिटर’ ही स्ट्रिंग किल्ली दोन्हीकडे आहे आणि मूल्यं साधे आकडे आहेत. हे फंक्शन कुठलंच मूल्य टाकून देत नाही, म्हणून ते दोन्ही आकडे एका नव्या ॲरेत घालून ठेवतं. पुढे कुणी ‘लिटर’ला दराने गुणायला गेलं तर पीएचपी चूक दाखवून थांबते. हे बरंच म्हणायचं. पण तो आकडा कुणी नुसता पानावर छापायला गेलं तर आकड्याच्या जागी ‘ॲरे’ हा शब्दच छापला जातो. सोबत एक इशारा येतो, आणि चालू संकेतस्थळांवर असे इशारे पडद्यावर बहुधा बंदच केलेले असतात.

त्याहून वाईट प्रकार ‘उत्पादक’मध्ये झाला आहे. तो सावकाश बघा. २७ नंबरच्या उत्पादकाने संध्याकाळी घातलेलं ३ लिटर दूध २८ नंबरच्या नावावर गेलं आणि ४० नंबरचं ५ लिटर २९ नंबरच्या. या फंक्शनचा नियम असा की पूर्णांक किल्ली असलेलं मूल्य कशावरही घालायचं नाही, शेवटी जोडायचं, पुढचा मोकळा नंबर देऊन. सकाळच्या आतल्या ॲरेत शेवटचा नंबर २७, म्हणून पुढचे २८ आणि २९. पीएचपीच्या दृष्टीने ही एक यादी होती आणि यादी लांबवताना तिने पुढचे क्रमांक दिले. तिच्या बाजूने यात काहीच चुकलेलं नाही. आपल्या दृष्टीने मात्र ते क्रमांक नव्हतेच, ते माणसांचे खाते नंबर होते. आता या ॲरेतल्या लिटरची बेरीज करा: ७, ५, ३, ५, म्हणजे २०. एकूण बरोबर आहे. टँकरमध्ये गेलेलं दूध आणि वहीतलं दूध जुळतं. संध्याकाळी एकूण आकडा ताडून बघणाऱ्या कुणालाही ही चूक सापडणार नाही. ती सापडेल दहा दिवसांनी बिल वाटताना, ४० नंबरवाला भांडायला येईल तेव्हा. २८ नंबरवाला येईलच असं नाही.

दुसरं फंक्शन ‘ॲरे_रिप्लेस_रिकर्सिव्ह’, २००९ च्या ५.३ आवृत्तीपासून असलेलं. ते पूर्णांक किल्लीलाही मान देतं आणि नंबर बदलत नाही. त्याचं उत्तर येतं: लिटर ८, फॅट ६.५, आणि उत्पादक [12 => 7, 27 => 3, 40 => 5]. खाते नंबर शाबूत, ॲरेचा आकार अगदी हवा तसा. पण २७ नंबरचं सकाळचं ५ लिटर पुसलं गेलं, वरचं ‘लिटर’ ८ सांगतं आणि खालच्या नोंदींची बेरीज १५ येते. पाहताक्षणी हे उत्तर सगळ्यात नेटकं दिसतं, आणि म्हणूनच ते फसवतं.

तेव्हा तयार फंक्शनांपैकी एकानेही दुधाचा हिशोब बरोबर दिला नाही, आणि देणं शक्यही नव्हतं. किल्ली जुळली की काय करायचं, याचं उत्तर प्रत्येक किल्लीला वेगळं होतं. लिटर मिळवायचे, फॅट लिटरच्या वजनाने काढायचं, उत्पादक नंबरवार मिळवायचे. हे ज्ञान केंद्रावरच्या माणसाकडे आहे. तयार फंक्शनात दुसऱ्याच कुणीतरी, दुसऱ्याच कामासाठी घेतलेला एक निर्णय बसलेला असतो आणि तो सगळ्या पायऱ्यांना सरसकट लागू होतो.

किल्ली पूर्णांक आहे की स्ट्रिंग, यावर एवढं अवलंबून असतं, आणि त्यातही एक खाच आहे. अवतरण चिन्हांत लिहिलेला आकडा स्ट्रिंगच राहील असं कुणालाही वाटेल. तसं होत नाही. '27' अशी किल्ली दिली तरी पीएचपी तिचा पूर्णांक करून टाकते. पण '0027' दिली तर ती स्ट्रिंगच राहते, कारण पुढे शून्य असलेला आकडा ती शुद्ध पूर्णांक मानत नाही. म्हणजे एका केंद्राने कोड २७ असा ठेवला आणि शेजारच्या गावाने ००२७ असा, तर तोच प्रोग्राम, तेच फंक्शन, आणि दोन गावांचे निकाल वेगळे. पहिल्या गावात दूध परक्याच्या खात्यात, दुसऱ्या गावात '0027' => [5, 3], जे निदान दुरुस्त करता येतं.

भारतातल्या माहितीत ही खाच पावलोपावली भेटते. पुण्याचा पिनकोड ४११००१ किल्ली म्हणून वापरला की तो पूर्णांक होतो, आणि पिनकोडवार केलेल्या दोन याद्या ‘ॲरे_मर्ज’ने जोडल्या की सगळे पिनकोड जाऊन ०, १, २, ३ असे क्रमांक उरतात. पुण्याचाच एसटीडी कोड ०२० मात्र स्ट्रिंग राहतो आणि त्याच ‘ॲरे_मर्ज’मधून सुखरूप बाहेर येतो. कोल्हापूरचा ०२३१ सुद्धा. त्यामुळे एसटीडी कोडवर तपासून बरोबर निघालेला कोड पिनकोडवर चालेलच याची काही खात्री नाही. आणि पिनकोड देवनागरी आकड्यांत टंकलेला असेल तर तो स्ट्रिंग राहतो, म्हणजे तिसराच प्रकार.

किल्ल्या देवनागरीत ठेवायच्या तर आणखी एक काळजी. पीएचपी दोन स्ट्रिंग किल्ल्या जुळतात का, हे त्यांच्या बाइट्सवरून ठरवते. डोळ्यांना काय दिसतं याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. ‘कऱ्हाड’ मधला ऱ्ह दोन तऱ्हांनी टंकता येतो. एक तर ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडायचा, नाही तर साधा र, हलन्त आणि पुढे न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. ‘ॲ’चंही तेच: २००८ पासून युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र अक्षर आहे, पण अ पुढे न दिसणारं जोडचिन्ह आणि चंद्र देऊनही तो टंकला जातो. दोन तालुक्यांच्या याद्या दोन जणांनी वेगवेगळ्या कीबोर्डवर टंकल्या असतील, तर एकत्र केलेल्या ॲरेत एकाच कऱ्हाडच्या दोन नोंदी होतात. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही या जोड्या एक करत नाही. एकत्र करण्याआधी अशा अक्षरांचं एक रूप ठरवून सगळीकडे तेच करून घेणारी छोटी तक्तेवजा यादी स्वतःच लिहावी लागते. कराड असंही लिहिणारे आहेतच, तेव्हा गावालाही नंबरच द्यावा.

दुधाच्या हिशोबाला नालायक ठरलेलं ‘ॲरे_रिप्लेस_रिकर्सिव्ह’ दुसऱ्या एका कामात मात्र चोख आहे. ते काम सेटिंग्जचं. प्रणालीचे मूळचे पर्याय, त्यावर संकेतस्थळाच्या मालकाचे, त्यावर वापरणाऱ्याचे. इथे जुळलेल्या किल्लीवर नंतरचं मूल्य बसावं हीच अपेक्षा असते, आणि जे सांगितलं नाही ते मूळचं राहावं. वेबवर आत आत गेलेले ॲरे बऱ्याचदा याच कारणाने एकत्र होतात. लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये पॅकेजची सेटिंग्ज मिसळणारं ‘मर्जकॉन्फिगफ्रॉम’ पहिल्या पायरीपुरतंच काम करतं, आणि तसं लाराव्हेलच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलंही आहे. तरी त्या ओळीकडे दुर्लक्ष करून आतला एखादाच पर्याय बदलणाऱ्यांचे बाकीचे पर्याय गायब होतात.

सेटिंग्जमध्येही याद्या आल्या की रिप्लेस अडखळतं. फोटो चढवायला कोणते प्रकार चालतात याची मूळ यादी ['जेपीजी', 'पीएनजी', 'जीआयएफ'] अशी आहे. मालकाने सांगितलं, फक्त ['पीएनजी']. रिप्लेस नंबरवार चालतं, म्हणून शून्य नंबरवर पीएनजी बसतो आणि यादी होते ['पीएनजी', 'पीएनजी', 'जीआयएफ']. बंद करायला सांगितलेला जीआयएफ चालूच. मालकाने रिकामी यादी दिली, म्हणजे काहीच चालू नको, तर काहीही बदलत नाही, तिन्ही प्रकार तसेच. परवानग्यांच्या याद्या अशा तऱ्हेने मिसळल्या तर काढून घेतलेली परवानगी शिल्लक राहते, आणि ते सुरक्षेला थेट छिद्र आहे.

वर्डप्रेसला नेमकं हेच भेटलं. जुलै २०२१ च्या ५.८ आवृत्तीत थीमची सेटिंग्ज एका जेसन फाइलमध्ये ठेवायची पद्धत आली. वर्डप्रेसची मूळ फाइल, थीमची फाइल आणि वापरणाऱ्याचे बदल हे थर एकावर एक चढवणारं फंक्शन आधी ‘ॲरे_रिप्लेस_रिकर्सिव्ह’ चालवतं. पण तिथेच कोडमध्ये टीप आहे की क्रमवार याद्यांना ही नंबरवार अदलाबदल नको आहे, तिथे नवी यादी पूर्णपणे जुनीच्या जागी यायला हवी. उदाहरण अंतर मोजायच्या एककांच्या यादीचं दिलं आहे. मग पुढच्या ओळींत अशा जागा एकेक करून हाताने दुरुस्त केल्या आहेत. ड्रुपल या संकेतस्थळ-प्रणालीने वेगळा रस्ता धरला. त्यांनी स्वतःचं ‘मर्जडीप’ लिहिलं: स्ट्रिंग किल्ल्या आत उतरून मिसळायच्या, साधी मूल्यं नंतरच्याने बदलायची, पूर्णांक किल्ल्यांची मूल्यं शेवटी जोडायची. आणि पूर्णांक किल्ल्या जपायच्या असतील तर तसं सांगायची सोय त्याच्या एका रूपात ठेवली. हा शेवटचा पर्याय मला फार शहाणपणाचा वाटतो. यादी की नोंदवही, हे भाषेला कळत नाही, तर ते लिहिणाऱ्याने उघड सांगावं.

दुधासाठी आपल्यालाही स्वतःचं फंक्शन लिहायला हवं, आणि ते अवघड नाही. संध्याकाळच्या ॲरेवर लूप फिरवायचा. दुधाचा प्रकार सकाळी नसेल तर जसाच्या तसा घ्यायचा. असेल तर आत जायचं आणि ही क्रमवारी पाळायची ($स ही त्या प्रकारची सकाळची नोंद, $सं ही संध्याकाळची):

$एकूण = $स['लिटर'] + $सं['लिटर'];
$फॅट = ($स['लिटर'] * $स['फॅट'] + $सं['लिटर'] * $सं['फॅट']) / $एकूण;

फॅट काढायला दोन्ही वेळचे मूळ लिटर लागतात, म्हणून ते काढण्याआधी ‘लिटर’वर बेरीज लिहून बसू नये. कुठलंही सरसकट फंक्शन इथे कमी पडणार हे यावरून कळतं: एका किल्लीचं उत्तर दुसऱ्या किल्लीवर अवलंबून आहे. त्यानंतर उत्पादकांवर आणखी एक लूप, नंबर जुळला तर बेरीज, नाही तर नवी नोंद.

आता समजा संध्याकाळी वीज गेली, फॅट मोजायचं यंत्र बंद पडलं, आणि फॅटच्या जागी ‘नल’ नोंदवलं गेलं. पीएचपी गुणाकारात नलला निमूटपणे शून्य धरते. ८४ अधिक शून्य, भागिले २०, म्हणजे ४.२. म्हशीच्या दुधाचा दर फॅटवर ठरतो. ६.८ च्या जागी ४.२ फॅट लागलं तर विजेच्या घोळाचा भुर्दंड उत्पादकाला बसतो आणि कुठे कसलाही इशारा उमटत नाही. म्हणून मूल्य नसणं आणि मूल्य नल असणं या दोन गोष्टी निराळ्या तपासाव्यात. ‘इसेट’ दोन्हींना ‘नाही’ असंच उत्तर देतं. किल्ली आहे पण मूल्य नल आहे, हे कळायला ‘ॲरे_की_एक्झिस्ट्स’ लागतं. नल सापडलं तर फॅट काढूच नये, ती नोंद माणसासमोर ठेवावी.

वेगाबद्दल थोडक्यात. पुष्कळ ॲरे जोडताना लूपमध्ये दर फेरीला ‘ॲरे_मर्ज’ बोलावण्याची सवय सर्रास दिसते. प्रत्येक वेळी नवा ॲरे तयार होतो आणि आतापर्यंतचं सगळं पुन्हा त्यात उतरवलं जातं. शंभर-शंभर नोंदींचे एक हजार ॲरे असे जोडले तर पाच कोटींहून जास्त वेळा मूल्यं हलवली जातात, प्रत्यक्ष नोंदी असतात एक लाख. सगळे ॲरे आधी एका ॲरेत गोळा करावेत आणि तीन टिंबं देऊन ‘ॲरे_मर्ज’ एकदाच बोलवावं. ७.४ पासून गोळा केलेला ॲरे रिकामा असला तरी ते कुरकुर करत नाही.

असा कोड लिहायला बसाल तेव्हा आधी कागदावर प्रत्येक किल्लीपुढे तिचा नियम लिहा: मिळवायची, बदलायची, राखायची, जोडायची की मोजून काढायची. चाचणीसाठी दोन्हीकडे असलेला उत्पादक, फक्त संध्याकाळी असलेला उत्पादक, शून्याने सुरू होणारा कोड, रिकामी यादी आणि नल, एवढे पाच नमुने तरी घ्या. आणि एकूण लिटर जुळले म्हणून थांबू नका. एकेका खात्याची बेरीज एकत्र करण्याआधी आणि नंतर ताडून पाहा.